बीपीच्या रुग्णाला रिलॅक्सेशन शिकवताना या चुका टाळा

ओपीडीत गर्दी असते, मान्य. तरीही "टेन्शन घेऊ नका, दीर्घ श्वास घ्या" एवढं सांगून केसपेपरवर 'रिलॅक्सेशन शिकवले' असं लिहिणं मला पटत नाही. शिकवणं म्हणजे करून घेणं. रुग्णाला ते तुमच्यासमोर एकदा नीट जमल्याशिवाय ती नोंद करू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे शवासन संपल्या संपल्या बीपी मोजायचा आणि तोच आकडा रुग्णाला आनंदानं सांगायचा. वीस मिनिटं शांत पडून राहिल्यावर बीपी उतरतोच. तो त्या घटकेचा बीपी असतो, दिवसभराचा नाही. आमच्याकडे एसटीतून निवृत्त झालेले एक मामा यायचे. गोळी चालू होती, तरी बीपी १६०च्या वरच असायचा. एकदा शवासनानंतर शिकाऊ मुलीनं मोजला तर १२८/८०. "मामा, नॉर्मल आला की बीपी!" मामांनी ते खरं मानलं. गोळी बंद केली, मामींनाही कळू दिलं नाही; शवासन मात्र रोज पहाटे, न चुकता. महिन्याभरात एका रात्री त्यांना कॅज्युअल्टीत आणलं. वरचा आकडा २१०, तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात लुळा, शब्द फुटत नव्हता. जीव वाचला, पण त्या हातानं त्यांना पुन्हा घास उचलता आला नाही.

त्या मुलीचा हेतू चांगलाच होता, पण रुग्णाला लवकर खूश करायची ही घाई मला फार सलते. सेशननंतरचा आकडा मी नोंदवहीत 'रिलॅक्सेशननंतर' असं लिहून ठेवते. रुग्णानं विचारलं तर सांगते, पण "हा आत्तापुरता, गोळी चालूच" हे वाक्य त्याला जोडूनच. उपचार ठरवायचे ते पुढच्या भेटीत, सेशनच्या आधी, पाच मिनिटं बसवून एक-दोन मिनिटांच्या अंतरानं घेतलेल्या दोन रीडिंगवर. आणि दर वेळी गोळ्यांची स्ट्रिप पाहते. तोंडी "घेतो की" यावर माझा विश्वास नाही.

शवासनात दम नाही असं मी म्हणत नाही. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी १९६९ सालीच ४७ रुग्णांवरचा शवासनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. गोळ्या चालू असलेल्या काहींचा डोसही त्यात कमी करता आला. पण तो डॉक्टरांनी, तपासत तपासत कमी केला, रुग्णानं मनानं नाही.

दुसरी चूक जेकबसनच्या पद्धतीतली, म्हणजे एकेक स्नायू आवळून सैल सोडायच्या व्यायामातली. नवशिके "जोरात, अजून जोरात" करतात. रुग्ण दात-ओठ खातो, श्वास रोखतो, चेहरा लाल होतो. घट्ट आवळलेली मूठ आणि रोखलेला श्वास, दोन्हींनी बीपी चढतो. ज्यासाठी बसवलं त्याच्या उलटच झालं! मी निम्म्याच जोरानं आवळायला सांगते आणि पाचपर्यंत आकडे मोठ्यानं म्हणायला लावते. बोलणाऱ्याला श्वास रोखता येत नाही. मग वीस-तीस सेकंद नुसतं सैल. पोटऱ्यांत गोळे येणाऱ्यांचे पाय मी वगळते.

संथ श्वास शिकवताना मिनिटाला सहा श्वासांचा हट्ट पहिल्याच दिवशी धरू नका, रुग्ण गुदमरतो. दहापासून सुरू करा, सोडायचा श्वास लांब ठेवा. बीपी आटोक्यात नसेल तर भस्त्रिका, कपालभाती आणि कुंभक (श्वास रोखून धरणं) नकोच.

मोजण्यातल्या चुका तर रोजच्याच. बाहीवरून कफ, म्हणजे बीपीच्या यंत्राचा दंडावरचा पट्टा, बांधू नका. हात टेबलावर, छातीच्या पातळीत, पाय जमिनीवर, एकावर एक नकोत, पाठ टेकलेली. मोजताना गप्पा नकोत. लघवी तुंबलेली असेल तर आधी जाऊन येऊ द्या. जाड दंडाला लहान कफ लावला की बीपी खोटाच जास्त दिसतो. चहा आणि तंबाखू अर्धा तास आधीपासून बंद, आणि मावशींना मिश्रीचं वेगळं विचारा, त्या तिला तंबाखूत धरत नाहीत.

शवासनातून ताडकन उठवू नका. कुशीवर, मग बसतं, मग उभं. शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर बाईला पाठीवर सरळ निजवू नका, डाव्या कुशीवर घ्या.

मोबाइलवर व्हिडिओ लावून दुसऱ्या कामाला निघून जाणं मला चालत नाही. रुग्णाचे खांदे वर चढलेत, जबडा आवळलाय, हे व्हिडिओला दिसत नाही.

आणि बीपी १८०/१२०च्या वर असून छातीत दुखतंय, दम लागलाय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, बोबडी वळतेय किंवा हात-पाय लुळा पडलाय, तर त्याला श्वास शिकवत बसू नका. लगेच डॉक्टरांना बोलवा.