गावाच्या पावसाची स्मृती कशी नोंदवावी

महिन्याच्या पर्जन्यमानाच्या बेरजेत 60 मिलिमीटर पाऊस नोंदलेला असतो; तो चार दिवसांच्या झडीत मुरला, की तासाभरात कोसळून बांध फोडून गेला, हे त्या आकड्यावरून कळत नाही. हा फरक गावाच्या बोलीत मात्र जपलेला असतो आणि तो टिपणे हे भाषा, इतिहास व लोकसाहित्याच्या अभ्यासकांचे काम आहे.

मुलाखतीत ‘हवामान बदलले आहे का?’ असे थेट विचारू नये. मी सुरुवातीला तसे विचारले आणि दूरचित्रवाणीवरची उत्तरे मिळाली. त्याऐवजी नक्षत्रे धरून विचारावे. सूर्याचे एक नक्षत्र साधारण 13-14 दिवस चालते आणि मृग 7-8 जूनला लागते, त्यामुळे ‘पेरणी कोणत्या नक्षत्रात व्हायची?’ या प्रश्नाच्या उत्तराला जवळपास तारखेइतकी किंमत असते. वर्ष ठरवण्यासाठी बहात्तरचा दुष्काळ, 1993 चा किल्लारीचा भूकंप किंवा घरातले एखादे लग्न अशा खुणा वापराव्यात. स्त्रियांशी शक्यतो स्वतंत्रपणे बोलावे; चैत्रात विहिरीला किती हात दोर लागायचा, हे पाणी शेंदणारीलाच नेमके आठवते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. बायकांच्या तोंडी केवढा ऐवज असतो, याची त्यावरून कल्पना यावी.

ध्वनिमुद्रणाआधी परवानगी घ्यावी आणि शब्द प्रमाणभाषेत ‘सुधारून’ लिहू नयेत. वळीव, झड, रिपरिप, भुरभुर या साऱ्यांपुढे नुसते ‘पाऊस’ लिहिले, तर नोंदीचा उपयोगच संपतो.

म्हणींबाबत विशेष सावध राहावे. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती’ ही म्हण रब्बी ज्वारीच्या शिवारात खरी ठरत होती. आज त्याच शिवारात ऑक्टोबरअखेर सोयाबीनच्या गंजी लागलेल्या आणि कापसाची बोंडे फुटलेली असतील, तर स्वातीचा पाऊस नुकसान करून जातो. इथे पावसाइतकीच पीकपद्धतीही बदललेली आहे, आणि या दोन बदलांची सरमिसळ झाली तर सगळा दोष आभाळाच्या माथी मारला जातो. म्हणून प्रत्येक म्हणीशेजारी त्या वेळचे पीक लिहावे.

आठवणी फसव्याही असतात. लहानपणीचा पाऊस सर्वांनाच मोठा वाटतो. जमा झालेला मजकूर महसूल मंडळाच्या पर्जन्यनोंदींशी ताडून पाहावा, पण विसंगती आढळली म्हणून आठवण खोडू नये, दोन्ही नोंदी शेजारीशेजारी ठेवाव्यात.

शेवटी पावसाळी नक्षत्रांचा एक मोठा तक्ता करून, प्रत्येक रकान्यात तेव्हाचा आणि आताचा पाऊस, पीक व विहिरीची पातळी लिहून, तो ग्रामसभेत वाचावा. गावात भजनी मंडळ किंवा भारूड करणारे असतील, तर वाचन त्यांच्याकडे सोपवावे. लोक मध्येच उठून चुका दाखवतील. त्या दुरुस्त्या त्याच बैठकीत, वेगळ्या शाईने तक्त्यावर चढवाव्यात.