जॉर्ज सँडच्या नोआंला कसं जावं, काय पाहावं

फ्रान्समधला जुना वाडा पाहायचा म्हटलं, की सहलवाले आपल्याला व्हर्सायला नाहीतर लुआर नदीकाठच्या राजवाड्यांशी नेऊन सोडतात. तिथली रांग पाहून ज्यांना सिद्धिविनायकाचा मंगळवार आठवतो, त्यांनी दोन दिवस बाजूला काढून नोआंला जावं. फ्रान्सच्या जवळजवळ मध्यावर, बेरी नावाच्या जुन्या प्रांतात हे चार घरांचं गाव आहे. तिथे जॉर्ज सँड या लेखिकेचा वाडा आहे. बुरूज नाहीत, खंदक नाही. नीटनेटकं, ऐसपैस, खात्यापित्या जमीनदाराचं घर. मला तर तेच त्याचं मोठेपण वाटतं, कारण राजवाड्यात राजा कसा मिरवायचा ते दिसतं आणि इथे घर कसं चालायचं ते दिसतं.

आधी घरची माणसं ओळखून घ्या

ही पायरी गाळू नका. वाडा मार्गदर्शकाबरोबर फिरून पाहायचा असतो आणि मार्गदर्शक बोलतो फ्रेंच. नावं आधीपासून डोक्यात असतील, तर निम्मं आपोआप कळतं.

सँडचं खरं नाव ऑरोर द्युपँ. तिच्या आजीने 1793 मध्ये, म्हणजे ऐन क्रांतीच्या धामधुमीत, हा वाडा विकत घेतला. ऑरोर चार वर्षांची असताना वडील शेजारच्या ला शात्र या छोट्या शहराजवळ घोड्यावरून पडून गेले आणि पुढे आजीनेच तिला इथे वाढवलं. 1821 मध्ये आजी वारली तेव्हा सतरा वर्षांची नात मालकीण झाली. लग्न झालं, ते टिकलं नाही. 1836 मध्ये कोर्टातून विभक्त होताना तिने वाडा मात्र नवऱ्याच्या हाती जाऊ दिला नाही. त्या काळी लग्न झालेल्या बाईच्या मिळकतीवर कारभार नवऱ्याचा चाले, हे लक्षात घेतलं म्हणजे ही केवढी लढाई होती ते समजतं.

मग पाहुणे. संगीतकार लिस्ट, चित्रकार देलाक्रवा, लेखक बाल्झाक, फ्लोबेर, तुर्गेन्येव. आणि पियानोवादक-संगीतकार शोपँ, ज्याने 1839 ते 1846 या काळात सात उन्हाळे इथे काढले. शवयात्रेच्या संगीतासाठी जगभर ओळखला जाणारा त्याचा सोनाटा, म्हणजे पियानोसाठीची मोठी रचना, इथेच पूर्ण झाला. जाण्याआधी तो एकदा ऐकून ठेवा.

तारीख ठरवा

मे ते सप्टेंबर उत्तम. जून-जुलैत वाड्याच्या आवारातल्या जुन्या मेंढवाड्यात शोपँच्या नावाचा संगीत महोत्सव भरतो. ऐकायचा असेल तर तिकिटं आणि मुक्काम दोन्ही फार आधी धरून ठेवा. शांतता हवी असेल तर ते दिवस टाळा. 1 जानेवारी, 1 मे आणि 25 डिसेंबरला वाडा बंद असतो. बाकी वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी वाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहा आणि फेरीची वेळ आरक्षित करा. एका फेरीला मोजकीच माणसं घेतात.

भारतातून जाणाऱ्यांनी शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो हे ध्यानात ठेवावं. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो.

पोचायचं कसं

पॅरिसच्या ऑस्तरलित्झ स्थानकावरून लिमोजकडे जाणारी गाडी घ्या आणि शातोरूला उतरा. साधारण दोन तास लागतात. तिथून नोआं तीसेक किलोमीटरवर, शातोरू-ला शात्र रस्त्यावर आहे. या मार्गावर बस आहे, पण आपल्या एसटीच्या आडगावच्या मुक्कामी गाडीसारखी: आली तर आली, गेली की संध्याकाळपर्यंत नाही. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी तर तिच्यावर विसंबूच नका. परतीची वेळ आधी टिपून घ्या, मगच जायची बस पकडा.

भाड्याची मोटार सोयीची पडते. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. उजव्या बाजूने चालवायची सवय तासाभरात होते. खरी मेख वेगळीच आहे. गावातल्या चौकात काही खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, मग तो कितीही बारक्या गल्लीतून येवो.

पॅरिसहून एका दिवसात जाऊन येणं जमतं, पण निम्मा दिवस प्रवासातच जातो. मुक्काम ला शात्रला करा. नोआंपासून सहाएक किलोमीटरवरचं हे छोटं शहर आहे.

वाड्यात शिरल्यावर

भेटेल त्याला आधी ‘बोंजूर’ म्हणा. तिकीट खिडकीवर थेट ‘दोन द्या’ म्हटलेलं त्यांना उद्धट वाटतं.

फेरीत सगळंच पाहायच्या भानगडीत पडू नका. तीन जागी नजर ठेवा. पहिली, जेवणघर: पाहुणे आत्ता येतील अशा थाटात टेबल मांडलेलं असतं, वर व्हेनिसकडच्या मुरानो काचेचं झुंबर. दुसरी, वरच्या मजल्यावरचं दार. शोपँचं इथलं येणं थांबल्यावर सँडने त्याच्या खोलीचं रूप पार बदलून टाकलं. त्याच्या काळातलं राहिलं ते आवाज अडवायला गादी ठोकलेलं दार. त्याचा पियानो शोधत बसणाऱ्यांची निराशा होते. मला विचाराल तर ते दार जास्त बोलतं.

तिसरी जागा म्हणजे नाटकघर. एकाच खोलीत माणसांचा रंगमंच आणि बाहुल्यांचाही. सँडचा मुलगा मोरीस लाकडात बाहुल्यांची डोकी कोरायचा आणि कपडे आई शिवायची. पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या पाहिलेल्यांना फरक लगेच कळेल: तिथे दोरीची करामत, इथे बाहुली हातमोज्यासारखी हातात घालायची. पॅरिसला नाटक लावण्यापूर्वी सँड ते इथे घरच्यांसमोर करून बघायची. लहान मुलं बरोबर असतील तर ती इथून हलणार नाहीत, तेवढी तयारी ठेवा.

फेरी संपली की बाग स्वतःच्या पायांनी फिरा. बागेला लागूनच घरचं कब्रस्तान आहे. सँड 8 जून 1876 ला याच वाड्यात वारली. दफनाला फ्लोबेर पॅरिसहून आला होता आणि व्हिक्टर ह्यूगोने पाठवलेला निरोप तिथे वाचून दाखवला गेला.

पोटाचं

छोट्या गावात दुपारचं जेवण बारा ते दोन, त्यानंतर स्वयंपाकघर बंद. अडीचला ‘काही मिळेल का’ विचारून उपयोग नाही. शाकाहारी लोकांनी इथली बटाट्याची गालेत, म्हणजे भाजलेली चपटी पोळी, मागावी. पुरीइतकी सोपी नाही, पण पोटभरीची. शेळीच्या दुधाचं चीज या भागाची शान आहे, त्यातलं माथा छाटलेल्या पिरॅमिडसारखं दिसतं ते व्हालांसे. इस्टरच्या नावाचा पाते मात्र सांभाळून घ्या. वरून अंड्याचा वाटला तरी आत मांस असतं.

वेळ उरला तर

दोनेक किलोमीटरवर व्हिक गावात सें मार्तँचं साधंसं चर्च आहे. आत भिंतभर बाराव्या शतकातली चित्रं आहेत. चुन्याच्या थरांखाली दडलेली ही चित्रं 1849 मध्ये तिथल्या पाद्र्याला सापडली, आणि ती वाचावीत म्हणून सँडने सरकारी वास्तू-निरीक्षक प्रॉस्पेर मेरीमेकडे शब्द टाकला. हे चुकवू नका. वाड्यापेक्षा हेच अधिक लक्षात राहिलं असं म्हणणारे भेटतात.

जवळच्या रानात एक डबकं आहे, ज्याच्यावरून सँडने 1846 सालच्या एका कादंबरीला नाव दिलं. पाट्या लावल्यात, वाट सोपी आहे. पण ते डबकंच आहे. पावसाळी दिवस असेल तर जुने बूट घाला.