फ्रोझन कॉकटेल पातळ होतंय? बर्फ नको, फळच गोठवा
सोलापूरच्या मे महिन्यात 42-43 डिग्रीला मिक्सरमधनं ग्लासात ओतेपर्यंतच बर्फाचं पाणी होतं आणि डायकिरी (रम, लिंबू न साखरेचं कॉकटेल) पार पांचट लागते, म्हणून बर्फ टाकूच नका, कलिंगडाच्या बिया काढून छोट्या फोडी आदल्या रात्री ताटात सुट्ट्या पसरून फ्रीझरला ठेवा, एकमेकींना चिकटल्या की मिक्सरचं पातं अडकतं बघा. रमची बाटली पण फ्रीझरमध्येच, ती घरच्या फ्रीझरला गोठत नाही. दोघांना 120 मिली रम, तीन वाट्या फोडी, दोन लिंबं, चार चमचे पिठीसाखर. आधी रम न लिंबू, मग फोडी, थांबत थांबत फिरवा. रम वाढवली की घट्टपणा गेलाच. आपलं डाळिंब घालायचं तर रस गाळूनच, नाहीतर चोथा दाताखाली येतो.