करी चिकन सूप: मसाला पाण्यात नको, तेलात

पहिली दोन वर्षं मी ज्याला करी चिकन सूप म्हणत होते, तो खरं तर पाणी घातलेला रस्सा होता. उरलेल्या रश्शात दोन पेले गरम पाणी ओतायचं, वर कोथिंबीर भुरभुरायची, झालं सूप. मग बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि डॉक्टरांनी मिठावर बोट ठेवलं. मीठ निम्म्यावर आणलं तर भांड्यात उरलं ते हळदीचं पाणी. इतके दिवस चव मिठाचीच होती, चिकनची नव्हतीच, हे तेव्हा ध्यानात आलं. म्हणून उलट्या टोकाने सुरुवात केली: आधी पाण्याला चव आणायची, मसाल्याचं मग बघू.

चार-पाच जणांसाठी हाडासकट चिकन घ्या, साधारण ७०० ग्रॅम. मांडीचे आणि पायाचे तुकडे उत्तम, पाठीची हाडं मिळाली तर सोन्याहून पिवळं. नुसतं ब्रेस्ट घेऊ नका. ते लवकर कोरडं पडतं आणि हाड नसल्यामुळे पाण्याला काही देत नाही. कातडी काढून टाका. चिकन नळाखाली खळाखळा धुण्याची माझी सवय मोडायला फार दिवस लागले, पण मोडली. धुतल्याने जंतू मरत नाहीत, शिंतोड्यांबरोबर ओट्यावर नि शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. ते मरतात शिजवल्यावर. कागदी रुमालाने टिपून घ्यायचं आणि हात साबणाने धुवायचे, एवढंच.

मोठ्या जाड बुडाच्या पातेल्यात चिकन, एक कांदा दोन फोडी करून, कोथिंबिरीच्या काड्या, सात-आठ मिरे आणि पावणेदोन लिटर गार पाणी. गारच. हळूहळू तापताना चिकनमधली प्रथिनं फेस होऊन वर येतात, तो राखाडी फेस डावाने काढत राहायचं. उकळी दिसू लागली की आच एकदम बारीक करा. पाण्यात अधूनमधून एखादाच बुडबुडा आला पाहिजे. रटारटा उकळलं की चरबी पाण्यात घुसळली जाते आणि सूप गढूळ, तेलकट होतं. झाकण अर्धवट ठेवा.

पस्तीस-चाळीस मिनिटांत मांस शिजतं. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर हाडाला न टेकवता सर्वांत जाड भागात खुपसा, ७४ अंश सेल्सिअस दिसलं पाहिजे. नसेल तर हाडाजवळ सुरी घालून बघा: रस गुलाबी नको आणि मांस सहज सुटलं पाहिजे. आता तुकडे बाहेर काढा, जरा निवले की मांस सोडवून बाजूला झाकून ठेवा आणि हाडं परत पातेल्यात टाका, आणखी पाऊण तास. ही युक्ती मला उशिरा सुचली. पूर्वी सगळंच दीड तास उकळायचे, पाणी छान व्हायचं आणि मांसाची चोथ्यासारखी गत व्हायची. हाडांजवळच्या कुर्च्यांतलं कोलॅजन सावकाश शिजून त्याचं जिलेटिन होतं, सुपाला अंग येतं ते त्यानेच. जमलं की नाही ते फ्रिजमध्ये कळतं: गार झाल्यावर थरथरायला लागलं तर जमलं. घाई असेल तर कुकरला लावा, मी नाही म्हणणार नाही. पण सूप गढूळ होतं.

गाळून घ्या. वर तरंगणारी चरबी पळीने काढा, किंवा हे काम आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी चरबीचा थर चकतीसारखा उचलून येतो.

आता मसाला. विकतची करी पावडर चालते, पण पाकिटावर मीठ लिहिलंय का ते वाचा. मी घरीच करते: चार मोठे चमचे धणे, दोन मोठे चमचे जिरे, एक छोटा चमचा मिरे, अर्धा छोटा चमचा मेथ्या, दोन सुक्या मिरच्या. सगळं वेगवेगळं मंद भाजायचं. मेथ्यांवर नजर ठेवा, जरा जास्त तांबूस झाल्या की पावडर कडू. दळून झाल्यावर एक मोठा चमचा हळद मिसळायची.

याच पातेल्यात एक मोठा चमचा तेल तापवा. बारीक चिरलेला एक कांदा चिमूटभर मिठाबरोबर दहा मिनिटं परता, लागला तर पाण्याचा हबका मारा, तेल वाढवू नका. कडेने तांबूस दिसला की सहा पाकळ्या लसूण आणि इंचभर आलं ठेचून घाला. मग आच अगदी मंद करून करी पावडर, दोन छोटे चमचे सपाट. अर्धा मिनिट, फार तर पाऊण. मसाल्यांचा सुगंध ज्या तेलांत असतो ती पाण्यात नीट विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. पावडर थेट उकळत्या पाण्यात टाकली की हळदीचा कच्चट वास राहतो आणि वाटीच्या तळाशी चिखल. पण कोरडी पावडर करपतेही चटकन. म्हणून चिरलेला टोमॅटो आधीच हाताशी ठेवा, वास सुटला रे सुटला की ओता.

टोमॅटो गळला की दोन गाजरांचे तुकडे, धुतलेली अर्धी वाटी मसूर डाळ आणि गाळलेलं पाणी. वीस-पंचवीस मिनिटांत डाळ विरघळते आणि सूप आपोआप दाट होतं. नारळाच्या दुधाची जागा ही डाळ घेते. दूध चवीला वाईट नाही, पण त्यात संपृक्त चरबी भरपूर. घालायचंच असेल तर शेवटी अर्धी वाटी घाला आणि खळखळून उकळू नका, फुटतं.

मिठाचा हिशेब असा: आख्ख्या पातेल्याला एक सपाट छोटा चमचा, म्हणजे सुमारे ५-६ ग्रॅम. पाच जणांत वाटलं की प्रत्येकी ग्रॅमभर. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, त्यात हे आरामात बसतं. स्टॉकच्या वड्या यात टाकू नका, त्यांत मिठाचाच भरणा असतो. अळणी वाटलं तर आधी लिंबू पिळा, अर्धं. आंबट चवीमुळे मिठाची उणीव झाकते. लिंबू गॅस बंद केल्यावरच.

सोडवलेलं चिकन शेवटी घालून दोन मिनिटं उकळा. पालक असेल तर मूठभर तेव्हाच. वाढताना ताजी मिरपूड. आमच्याकडे धाकटा गाजरं वेचून ताटाच्या कडेला रांगेत लावायचा, म्हणून हल्ली एक गाजर किसून घालते. त्याला अजून पत्ता नाही.

उरलेलं सूप दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. मोठं पातेलं तसंच ठेवलं तर मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो, म्हणून उथळ डब्यांत ओता. तीन ते चार दिवस टिकतं. दुसऱ्या दिवशी डाळीमुळे आळून पिठल्यासारखं दिसेल, घाबरू नका. अर्धा पेला गरम पाणी घालून चांगली उकळी काढा आणि मीठ वाढवण्याआधी एकदा चाखून बघा.