बळाचा वापर आणि स्वसंरक्षण: आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पेपरात या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडे खासगी संरक्षणाचा हक्क शिकवताना बांधाचं उदाहरण हमखास येतं. रावेरच्या केळीच्या बागेत बांधावरून वाद पेटला, एकाने कोयता उगारला, दुसऱ्याने काठी हाणली. भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 साठी हे उदाहरण चपखल आहे. पण मुलं तेच उचलून दोन देशांच्या प्रश्नात ठेवतात आणि तिथेच मार्क जातात. संहितेत धोक्याची रास्त भीती पुरते, मालमत्तेसाठीही हक्क मिळतो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत आधी बळाच्या वापरावर कलम 2(4) ची बंदी आहे. कलम 51 ची स्वसंरक्षणाची सूट सशस्त्र हल्ला झाला तरच मिळते. शेजारी देशाने बंडखोरांना नुसती शस्त्रं पुरवली, तर तो सशस्त्र हल्ला ठरत नाही, असं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाराग्वा विरुद्ध अमेरिका खटल्यात 1986 मध्ये स्पष्ट केलं. म्हणून उत्तराची सुरुवात नेहमी ‘सशस्त्र हल्ला झाला का?’ इथून करा.

सगळ्यात जास्त गफलत प्रमाणबद्धतेत होते. ‘त्यांनी आपले दहा मारले, आपण त्यांचे दहा मारले, म्हणून कारवाई प्रमाणबद्ध’ असं उत्तर दर वर्षी दिसतं. हा सूडाचा हिशोब झाला. कायदा विचारतो ते वेगळंच: हल्ला परतवण्यासाठी जेवढं बळ लागत होतं, तेवढंच वापरलं का? यासाठी ऑइल प्लॅटफॉर्म्स खटला (इराण विरुद्ध अमेरिका, 2003) नीट वाचा. एप्रिल 1988 मध्ये पर्शियन आखातात अमेरिकेची एक युद्धनौका सुरुंगावर आदळली. तिचं मोठं नुकसान झालं, पण ती बुडाली नाही, कोणी दगावलं नाही आणि सुरुंग इराणनेच पेरला हेही सिद्ध झालं नाही. उत्तरादाखल अमेरिकेने मोठी नौदल मोहीम काढून इराणचे तेलाचे प्लॅटफॉर्म नष्ट केले. न्यायालयाने तो बचाव मानला नाही. काँगो विरुद्ध युगांडा (2005) खटल्यातही तेच: युगांडाने आपल्या सीमेपासून शेकडो किलोमीटर काँगोच्या आत जाऊन विमानतळ आणि शहरं ताब्यात घेणं सीमेपलीकडून होणाऱ्या हल्ल्यांच्या प्रमाणात बसत नाही.

दुसरी प्रमाणबद्धता युद्धाच्या आतली आहे. जिनिव्हा करारांना जोडलेल्या 1977 च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमध्ये तिचं कलमही योगायोगाने 51 च आहे, त्यामुळे घोळ वाढतो. तिथे प्रत्येक हल्ला स्वतंत्रपणे तोलायचा: अपेक्षित ठोस लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांची हानी अवाजवी होणार होती का? स्वसंरक्षण वैध असलं तरी एखादा हल्ला इथे बेकायदा ठरू शकतो. भारत या प्रोटोकॉलचा सदस्य नाही, पण हा नियम आंतरराष्ट्रीय रूढीतूनही (देशांनी बंधनकारक मानून पाळलेल्या प्रथेतून) लागू होतो. हे वाक्य उत्तरात जरूर लिहा.

आवश्यकतेचंही तसंच आहे. स्वसंरक्षणातली आवश्यकता कॅरोलाइन प्रकरणातून येते. 1837 च्या डिसेंबरात ब्रिटिशांनी नायगारा नदीत अमेरिकन किनाऱ्याला लागलेली कॅरोलाइन बोट रात्री पेटवून प्रवाहात सोडून दिली. त्यावर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनियल वेबस्टर यांनी 1841 मध्ये लिहिलं की गरज तत्काळ आणि जबरदस्त हवी, दुसरा मार्ग वा विचाराला क्षणही उरलेला नसावा. आंतरराष्ट्रीय विधी आयोगाच्या राज्य-जबाबदारीवरच्या 2001 च्या मसुद्यातलं कलम 25 हा आवश्यकतेचा मात्र वेगळा बचाव आहे. 1967 मध्ये टॉरी कॅनियन जहाजातून तेल सांडलं आणि ब्रिटनने किनारा वाचवायला ते बाँबने उडवलं, अशा प्रसंगांसाठी. दुसऱ्या देशावरच्या आक्रमणाला कलम 25 चं पांघरूण घालता येत नाही. कलम 26 ती वाट बंद करतं. प्रत्युपायांच्या (दुसऱ्या देशाने नियम मोडला म्हणून उलट उचललेल्या पावलांच्या) नावाखालीही बळ वापरता येत नाही, त्यासाठी याच मसुद्याचं कलम 50 सांगा.

स्वसंरक्षणाची कारवाई सुरक्षा परिषदेला ताबडतोब कळवण्याची सनदेच्या कलम 51 ची अट विसरू नका. सामूहिक स्वसंरक्षण असेल तर हल्ला झालेल्या देशाने स्वतः मदत मागितली होती का, तेही तपासा.

शेवटचा घोळ देशाचा बचाव सैनिकाला देण्याचा. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम संविधीच्या कलम 31(1)(क) नुसार संरक्षणात्मक मोहिमेत सामील असणं एवढ्यानेच गुन्हेगारी जबाबदारी टळत नाही. ‘गोळी घाल, नाहीतर तुलाच घालतो’ अशा धमकीखाली बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साच्या पाडावानंतरच्या हत्याकांडात गोळ्या झाडलेल्या एर्देमोविच या सैनिकाला 1997 मध्ये युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाच्या अपील चेंबरने पूर्ण बचाव नाकारला. त्यातली न्यायाधीशांमधली 3 विरुद्ध 2 अशी फूट लक्षात ठेवा. 1998 च्या रोम संविधीने कडक अटींसह दबावाचा बचाव मान्य केला. प्रश्न सैनिकाचा असेल तर दोन्ही मांडा.