बालवाडीतलं मूल आदळआपट करतंय? या चुका टाळा

हातावर पोट असलेल्या घरातली बरीच मुलं बालवाडीत येतात ती ताण सोबत घेऊनच. झोप पुरेशी नाही, घर सारखं बदलतंय, आईवडील कामाने पिचलेले. असं रोजच चाललं की मूल कायम सावध राहतं आणि नुसता धक्का लागला तरी मारायला धावतं. याला खोडकरपणा समजणं ही पहिली चूक. पुढच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात.

जास्त भडके उडतात ते एक काम थांबवून दुसरं सुरू करताना. मूल ठोकळ्यांचा मनोरा रचण्यात रमलंय आणि ताई अचानक म्हणतात, "चला, उचला सगळं!" ठोकळे भिरकावले जातात, मुलाची रवानगी कोपऱ्यात होते. बेभान झालेल्या चार वर्षांच्या मुलाच्या डोक्यात तेव्हा काहीही शिरत नाही. स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग तर विशी उलटेपर्यंत घडत असतो. म्हणून पाच मिनिटं आधी जवळ जाऊन सांगा, "अजून दोन ठोकळे लाव, मग आवरू." तरीही भडका उडालाच, तर त्याच्या उंचीला बसा, आवाज खाली आणा. "मनोरा मोडावा लागला म्हणून राग आलाय ना?" एवढंच विचारा. तो निवळल्यावर ठोकळे दोघांनी मिळून उचला आणि फेकायचं नाही, हे तेव्हा सांगा.

"आधी अक्षरं येऊ देत, वागणं नंतर बघू," असंही सर्रास ऐकू येतं. शिकागोत २००४ ते २००६ या काळात गरीब मुलांसाठीच्या 'हेड स्टार्ट' या सरकारी योजनेतल्या बालवाडी वर्गांमध्ये मानसशास्त्रज्ञ सिबेल रेव्हर यांच्या चमूने नेमकं उलटं केलं. शिक्षिकांना वर्ग शांतपणे हाताळायला शिकवलं आणि मदतीला मानसिक आरोग्याचे जाणकार वर्गातच दिले. अक्षरांचा वेगळा अभ्यासक्रम नव्हता. तरी मुलांचा स्वतःवरचा ताबा वाढला, शिवाय शब्दसंग्रह, अक्षरओळख आणि गणितही सुधारलं. तिथे शिक्षिकांचा स्वतःचा ताण हलका करण्यावरही काम झालं होतं. आपल्याकडे नेमकं तेच राहून जातं, याचं मला फार वाईट वाटतं. थकलेल्या ताईंकडून दिवसभर शांत आवाजाची अपेक्षा कशी करायची?

दारात रोज तक्रार ऐकवणंही टाळा. दमून आलेले पालक घरी गेल्यावर तो राग मुलावरच काढू शकतात. आधी दिवसातली एक चांगली गोष्ट सांगा, मग अडचण.

आणि सारखं न ऐकणाऱ्या मुलाला हट्टी ठरवण्याआधी त्याचे कान तपासून घ्या. कानात पाणी साठून कमी ऐकू येणं या वयात अगदी सर्रास आढळतं.