प्रश्नावली करताना या चुका टाळा: आल्फा चांगला येऊनही उत्तरं का फसतात?

प्रबंधासाठी प्रश्नावली करणाऱ्यांचा सगळा जीव शेवटी एका आकड्यात अडकतो: क्रोनबॅक आल्फा. तो 0.70च्या वर गेला की मार्गदर्शक समाधानी होतात आणि संशोधन पद्धतीच्या प्रकरणात ‘प्रश्नावली विश्वसनीय व वैध आहे’ हे वाक्य येऊन बसतं. यातली वैधता आल्फाने सिद्ध होतच नाही. ली क्रोनबॅक यांनी 1951 मध्ये मांडलेला हा गुणांक तुमची विधानं एकमेकांशी किती जुळतात एवढंच सांगतो. जे मोजायचं ठरवलं होतं तेच ती मोजतात का, हे त्याच्या कक्षेबाहेरचं आहे. एकच विधान शब्द फिरवून पाचदा लिहा, आल्फा हमखास वर जाईल.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: एसपीएसएस (आकडेवारीचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर) उघडण्याआधी समोरच्या माणसाला तुमचा प्रश्न नेमका काय समजतो, ते तपासा.

दुहेरी नकार

अमेरिकेत 1992 मध्ये रोपर संस्थेने घेतलेल्या पाहणीत लोकांना विचारलं गेलं की, नाझींनी केलेला ज्यूंचा संहार कधी झालाच नाही, हे तुम्हाला शक्य वाटतं की अशक्य? 22 टक्के लोकांनी ‘शक्य’ सांगितलं आणि देशभर खळबळ उडाली. 1994 मध्ये तोच प्रश्न सरळ करून विचारला: संहार झालाच नाही हे शक्य वाटतं, की तो झाला याची खात्री आहे? आता ‘शक्य’ म्हणणारे जेमतेम 1 टक्का उरले. पहिल्या वेळचे बहुतेक जण ‘अशक्य’ आणि ‘झालाच नाही’ यांच्या गुंत्यात अडकले होते.

आपल्याकडेही ‘ग्रामसभेला न जाणं योग्य नाही, असं तुम्हाला वाटतं का?’ असे प्रश्न सर्रास दिसतात. यावर कोणी ‘नाही’ म्हणालं, तर तुम्ही रकान्यात काय भरणार?

एका प्रश्नात दोन गोष्टी कोंबणं ही याचीच बहीण. ‘अंगणवाडीतला आहार आणि सेविकेचं वागणं समाधानकारक आहे का?’ याचे दोन प्रश्न करा, विषय संपला. उत्पन्नाचे गट 10,000 ते 20,000 आणि 20,000 ते 30,000 असे एकमेकांवर चढवू नका, तेही तेवढंच सोपं आहे.

आठवणीवर टाकलेला भार

इथे मोठमोठ्या पाहण्याही अडखळल्या आहेत. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 55व्या फेरीत (1999-2000) खाद्यपदार्थांवरचा खर्च त्याच कुटुंबाला गेल्या 7 दिवसांचा आणि गेल्या 30 दिवसांचा, असा दोन्ही विचारला गेला, तोही शेजारशेजारच्या रकान्यांत. एक आकडा सांगितला की माणूस दुसरा त्याच्याशी जुळवून घेतो. दारिद्र्याचं प्रमाण 1993-94 मधल्या सुमारे 36 टक्क्यांवरून 26 टक्क्यांवर आल्याचं दिसलं, पण विचारण्याची पद्धतच बदलल्यामुळे दोन्ही आकड्यांची तुलना करता येते का यावर अर्थतज्ज्ञ पुढे कितीतरी वर्षं भांडत राहिले.

शेतकऱ्याला ‘वार्षिक उत्पन्न किती?’ असं विचारलंत, तर एक जण विक्रीची रक्कम सांगेल, दुसरा खर्च वजा जाता उरलेली, तिसरा पोराचा पगारही धरेल. त्यापेक्षा तुकडे करा: सोयाबीन किती एकरांत होतं, किती क्विंटल निघालं, त्यातलं किती विकलं, काय भावाने गेलं, बियाणं, खत, फवारणी, मजुरी यांना किती लागले. बेरीज-वजाबाकी तुम्ही करा. काळही माणसाच्या कॅलेंडरवर बांधा. ‘गेल्या सहा महिन्यांत’ पेक्षा ‘दिवाळीपासून आजपर्यंत’ हे लवकर आठवतं.

विचारतंय कोण, ऐकतंय कोण

आशाताईंच्या कामाबद्दलचा फॉर्म आशाताईच भरून घेत असतील, तर सगळीकडे ‘अतिशय समाधानी’ येणार. सुनेला घरखर्चातल्या निर्णयाबद्दल विचारताना सासूबाई शेजारी बसलेल्या असतील, तर उत्तर त्यांच्या तोंडाकडे बघून येईल. हा दोष आकडेवारीत दिसत नाही आणि नंतर दुरुस्तही करता येत नाही.

आल्फा बिघडला तर

आल्फा उणे आला तर आधी उलट्या विधानांचे (ज्यांत ‘सहमत’ म्हणजे नाराजी) गुण उलटवलेत का ते पाहा. बहुतेकदा तिथेच चूक सापडते. ‘पूर्ण असहमत’ ते ‘पूर्ण सहमत’ अशा पाच बिंदूंच्या श्रेणीवर 5 चं 1, 4 चं 2 करायचं राहून गेलेलं असतं. वय, शिक्षण, जमीन हे प्रश्न आल्फात घालू नका, ते अशा श्रेणीतली विधानं नव्हेत. समाधान, विश्वास आणि सहभाग अशा तीन उपश्रेणी असतील तर तीन आल्फा काढा. आणि आकडा वाढावा म्हणून विधान उडवण्याआधी थांबा: विषयाचा एक अख्खा पैलू त्या एकाच विधानावर उभा असेल, तर ते काढल्यावर विश्वसनीयता वाढेल आणि वैधता जाईल.

पूर्वचाचणी मैत्रिणींकडून गुगल फॉर्म भरून घेऊन होत नाही. ज्या गटाचा अभ्यास आहे, त्यातल्याच दहा-पंधरा जणांसमोर बसा. उत्तर मिळाल्यावर विचारा, ‘मी काय विचारलं, ते तुमच्या शब्दांत सांगाल?’ जिथे माणूस अडतो, परत विचारतो किंवा विचार न करता ‘हो’ म्हणतो, तिथे खूण करा आणि प्रश्न बदला. बदललेला प्रश्न पुन्हा नव्या माणसांवर तपासा. पूर्वचाचणीतली उत्तरं मात्र मुख्य नमुन्यात मिसळू नका, कारण ती जुन्या प्रश्नांना दिलेली असतात.